गाळ, मिरी आणि दशांश
बेल्जियममधील तीन जुन्या शहरांत

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर. बेल्जियमचे सुमारे तीस हजार सातशे. म्हणजे आपल्या एका राज्यात दहा बेल्जियम मावतील. या एवढ्याशा देशात सहा-सातशे वर्षांपूर्वी युरोपातली सर्वांत गजबजलेली काही शहरे होती. त्यांपैकी ब्रुज, गेंट आणि अँटवर्प ही तीन शहरे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत, की सकाळी एका ठिकाणी न्याहारी करून दुपारी तिसऱ्या ठिकाणी जेवता येते. ब्रुजहून गेंटला रेल्वेने अर्ध्या तासात पोहोचता येते आणि तिथून पुढे तासाभरात अँटवर्प.

आम्ही तिघे गेलो होतो. दोघे विज्ञान शिकवणारे, एक इतिहास शिकवणारे. जाताना मनात साधा प्रश्न होता. हवा तीच, धर्म तोच, भाषाही जवळजवळ तीच. मग एक शहर सहाशे वर्षांपूर्वी जसे होते तसेच का राहिले, दुसऱ्याने धंदा कसा बदलला आणि तिसरे आज युरोपातले एक मोठे बंदर कसे झाले? उत्तर शोधता शोधता आम्ही एका छोट्या पुस्तकापाशी येऊन पोहोचलो. त्या पुस्तकाचा आपल्या पाचवी-सहावीच्या गणिताशी रोजचा संबंध आहे. तिथे शेवटी येऊच.

समुद्र दूर गेलेले शहर

ब्रुजच्या बाजारचौकात ८३ मीटर उंचीचा घंटामनोरा आहे. त्याला ३६६ पायऱ्या आहेत आणि वरच्या भागात जिना इतका अरुंद होतो, की उतरणाऱ्यांनी भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. वर पोहोचल्यावर खाली लाल कौलांची घरे, मधून फिरणारे कालवे, त्यांवरचे कमानीचे पूल असे चित्र दिसते. आमच्यातल्या इतिहासवाल्यांनी विचारले, "हे एवढे मोठे बंदर म्हणतात, मग समुद्र कुठे आहे?" समुद्र तिथून सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे.

तो तिथे आणला एका वादळाने. इ. स. ११३४ मध्ये आलेल्या मोठ्या समुद्री उधाणाने किनारा फोडला आणि झ्विन नावाची खाडी आत घुसली. ब्रुजच्या व्यापाऱ्यांनी तिचा फायदा घेतला. खाडीच्या टोकाशी डाम नावाचे छोटे बंदर वसवले आणि तिथून शहरापर्यंत कालवा नेला. इंग्लंडची लोकर, बाल्टिक समुद्राकडचे धान्य आणि कातडी, इटलीतून आलेले रेशीम आणि मसाले हे सगळे ब्रुजमध्ये एकत्र येऊ लागले. व्हान देर बुर्से नावाच्या कुटुंबाच्या खानावळीसमोर परदेशी व्यापारी जमत, भाव ठरवत, हुंड्या वटवत. आज फ्रेंचमध्ये शेअरबाजाराला 'बूर्स' म्हणतात, त्याचे मूळ या कुटुंबाच्या नावाशी जोडले जाते.

मग हे शहर थांबले कशाने? 'खाडीत गाळ साचला' एवढे एक वाक्य पर्यटकांच्या पुस्तिकेत असते. विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबून पुढचा प्रश्न विचारायला हवा. गाळ तर आधीही येत होता, मग तो याच काळात का साचला?

जोराचे पाणी गाळ वाहून नेते, संथ पाणी तो खाली टाकते. हे ओढ्याकाठी वाढलेले कोणतेही मूल दाखवील. भरतीच्या वेळी खाडीत पाणी शिरते, दोन्ही बाजूंच्या सखल जमिनीवर पसरते आणि ओहोटीला तेवढेच पाणी परत धावते. हे परत धावणारे पाणीच खाडीचे तोंड घासून साफ ठेवते. झ्विनच्या काठच्या लोकांनी मात्र त्या सखल जमिनीला बांध घालून शेते केली. प्रत्येक नव्या बांधाबरोबर भरतीचे पाणी मावण्याची जागा कमी झाली. आत येणारे पाणी घटले, म्हणून बाहेर जाणारेही घटले, त्याचा जोर गेला आणि गाळ जागच्या जागी बसू लागला. गाळाने उथळ झालेला भाग पुन्हा बांध घालायला सोपा, म्हणून आणखी शेते. पंधराव्या शतकात मोठी जहाजे आत येणे कठीण होत गेले.

म्हणजे खाडी केवळ निसर्गाने बुजवली नाही. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्यापुरते शहाणपणाचेच काम केले होते. त्या सगळ्यांची बेरीज मात्र शहराला भोवली. कोकणातल्या खाड्यांच्या काठी राहणाऱ्या शिक्षकांना हे वाचताना काही ओळखीचे वाटेल.

गाळाला राजकारणाचीही साथ मिळाली. १४८८ मध्ये ब्रुजच्या नागरिकांनी आपला राज्यकर्ता माक्सिमिलियन यालाच काही महिने शहरात कैदेत ठेवले. सुटल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना ब्रुज सोडून अँटवर्पला जायला सांगितले. बंदर उथळ होतेच, व्यापारी गेले. त्यानंतर शहरात नवे बांधण्याइतका पैसा फारसा आला नाही, म्हणून जुनेही पाडले गेले नाही. आज आपण ज्या घरांचे फोटो काढतो ती गरिबीने जपली आहेत. २००० साली युनेस्कोने या शहराचा जुना भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

दुसरा धंदा शिकलेले शहर

गेंट हे लेये आणि शेल्ड या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले शहर. चौदाव्या शतकात त्याची वस्ती साठ हजारांच्या घरात असावी असे मानतात. आल्प्स पर्वताच्या उत्तरेला पॅरिसखालोखाल हेच मोठे. इथला मुख्य धंदा लोकरीचे कापड विणण्याचा. लोकर इंग्लंडची, हात गेंटचे. इंग्लंडच्या राजाने लोकर अडवली की इथले माग थांबत, आणि माग थांबले की विणकर रस्त्यावर येत.

नदीकाठच्या ग्रासलेई या घाटावर जुन्या संघटनांच्या इमारती रांगेने उभ्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी इमारत धान्याच्या कोठाराची आहे. नदीतून जाणाऱ्या धान्याच्या होड्यांना इथे थांबून काही भाग उतरवावाच लागे, असा हक्क शहराने मिळवला होता. कापडाचा धंदा बसला तेव्हा या धान्याच्या हक्काने शहराला तगवले. एकाच खांबावर घर उभे नव्हते, हा ब्रुज आणि गेंट यांच्यातला फरक आमच्या लक्षात आला.

गेंटचा स्वभाव बंडखोर. सम्राट पाचवा चार्ल्स १५०० साली याच शहरात जन्मला. १५३९ मध्ये त्याच्याच गावकऱ्यांनी त्याच्या युद्धासाठी कर द्यायला नकार दिला. पुढच्या वर्षी तो सैन्य घेऊन आला. शहराच्या प्रतिष्ठितांना अनवाणी आणि गळ्यात फास अडकवून माफी मागायला लावली आणि शहराचे हक्क काढून घेतले. गेंटचे लोक आजही स्वतःला 'फासवाले' म्हणवून घेतात आणि त्यात त्यांना अभिमान वाटतो.

हे शहर पुन्हा उभे राहिले ते १८०० च्या सुमारास. इंग्लंडमध्ये तेव्हा सूत कातण्याची नवी यंत्रे निघाली होती आणि ती देशाबाहेर नेण्यास कायद्याने बंदी होती. लिव्हेन बाउवेन्स या गेंटच्या माणसाने त्या यंत्राचे सुटे भाग इतर मालात लपवून चोरून आणले आणि ते चालवणारे कारागीरही आणले. थोड्याच वर्षांत गेंट सुती गिरण्यांचे शहर झाले. चोराचा पुतळा शहराने चौकात बसवला आहे. पुतळ्यापाशी आमचा बराच वाद झाला. ज्ञान कुलूपबंद ठेवणारा बरोबर की कुलूप तोडणारा? वर्गात चर्चेला घेण्यासारखा हा प्रश्न आहे.

१८१७ मध्ये इथे विद्यापीठ निघाले. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. ऑगुस्ट केकुले या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये बेंझीनची वलयाकार रचना मांडली तेव्हा तो गेंटमध्ये प्राध्यापक होता. आणि बॅकेलाइट या प्लॅस्टिकचा शोध लावणारा लिओ बेकलंड याच शहरात १८६३ मध्ये जन्मला. आपल्याकडची विजेची जुनी काळी बटणे आठवा. ती याच बॅकेलाइटची.

मिरी, छापखाना आणि बंद झालेली नदी

झ्विन खाडी बुजत होती त्याच सुमारास, साठेक किलोमीटर पूर्वेला, समुद्राच्या उधाणांनी शेल्ड नदीचे पश्चिमेकडचे मुख रुंद आणि खोल केले. मोठी जहाजे थेट अँटवर्पपर्यंत येऊ लागली. एका हाताने घेतलेले समुद्राने दुसऱ्या हाताने शेजाऱ्याला दिले.

१५०१ साली पोर्तुगीजांनी मिरी आणि जायफळ अँटवर्पच्या धक्क्यावर उतरवले. वास्को द गामा कालिकतला पोहोचला होता १४९८ मध्ये. म्हणजे तीनच वर्षांत मलबारच्या मिरीने एका युरोपीय शहराचे नशीब पालटायला सुरुवात केली. १५३१ मध्ये इथे व्यापाऱ्यांसाठी खास बाजारभवन बांधले गेले. तोवर व्यवहार चौकात, खानावळीसमोर होत. त्यासाठी वेगळी इमारत बांधण्याची कल्पना इथूनच पुढे लंडनसारख्या शहरांत गेली.

आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला तो क्रिस्तोफ प्लांटिनच्या छापखान्यात. १५५५ मध्ये सुरू झालेला हा छापखाना त्याच्या वंशजांनी तीनशेहून अधिक वर्षे चालवला आणि १८७७ पासून तो संग्रहालय आहे. इथे जगातली सर्वांत जुनी टिकलेली दोन लाकडी छापयंत्रे आहेत, खिळ्यांच्या पेट्या आहेत, हिशेबाच्या वह्या आहेत. भरभराटीच्या काळात सोळा यंत्रे एकाच वेळी चालत. आपल्या लहानपणी गावातल्या छापखान्यात खिळे जुळवणारे कारागीर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही खोली परकी वाटणार नाही.

याच छापखान्यातून १५६७ मध्ये एक लॅटिन पुस्तक बाहेर पडले. त्याचे मूळ होते गोव्यात. गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. गोव्यात त्याने वैद्यकी केली, मुंबई बेटाचा पट्टाही काही काळ त्याच्याकडे होता. इथले वैद्य, हकीम, व्यापारी यांना विचारून, स्वतः पाहून त्याने भारतातील औषधी वनस्पतींवर संवादरूप ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती तो पोर्तुगीज ग्रंथ लागला. त्याने त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि प्लांटिनने छापला. हिंग, आंबा, दालचिनी यांविषयी गोव्याच्या बाजारात विचारून मिळवलेली माहिती अशी युरोपभरच्या विद्वानांपर्यंत पोहोचली. ओर्टाच्या नशिबी मात्र वेगळेच होते. तो मूळच्या ज्यू घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारल्यावर गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या.

धर्माच्या नावाने चाललेला तोच छळ अँटवर्पलाही भोवला. स्पेनच्या कॅथलिक राजाविरुद्ध उठाव सुरू झाला होता. १५७६ मध्ये पगार न मिळालेल्या स्पॅनिश सैन्याने शहर लुटले, हजारो माणसे मारली. दीर्घ वेढ्यानंतर ऑगस्ट १५८५ मध्ये शहर स्पेनला शरण गेले. प्रॉटेस्टंट लोकांना सांगण्यात आले, की चार वर्षांत कॅथलिक व्हा नाहीतर निघून जा. तिकडे उत्तरेच्या बंडखोर डचांनी शेल्डचे मुख ताब्यात ठेवून समुद्राकडची वाट अडवली. शहराची वस्ती लाखाच्या आसपास होती, ती चार वर्षांत निम्म्याहून कमी झाली. नदीत गाळ नव्हता, पाणी खोल होते, तरी बंदर बंद पडले. नदी पुन्हा खुली व्हायला दोनशे वर्षे गेली.

१५८५ सालचे एक छोटे पुस्तक

आता त्या पुस्तकाकडे येऊ. ब्रुजमध्ये एका लहान चौकात सिमोन स्टेव्हिनचा पुतळा आहे. हा ब्रुजमध्ये १५४८ मध्ये जन्मला, अँटवर्पमध्ये त्याने हिशेबनिसाचे काम केले आणि पुढे उत्तरेला, आजच्या नेदरलँड्समधल्या लायडन गावी गेला. त्या काळी व्याजाची कोष्टके सावकार गुपित म्हणून जपत. स्टेव्हिनने ती १५८२ मध्ये छापून सर्वांसाठी खुली केली. छापणारा पुन्हा प्लांटिनच.

१५८५ मध्ये, म्हणजे अँटवर्प पडले त्याच वर्षी, त्याची चाळीसहून कमी पानांची एक पुस्तिका लायडनमध्ये निघाली. प्लांटिनने तिथे आपली शाखा काढली होती. पुस्तिकेचे नाव 'दी थिंडे', म्हणजे 'दशांश'. तिने सांगितले, की अपूर्णांकांसाठी वेगळे नियम कशाला? एकक, दशक, शतक जसे डावीकडे दहापट होत जातात, तसेच उजवीकडे दहावा भाग, शंभरावा भाग असे लिहा, म्हणजे साऱ्या आकडेमोडी पूर्णांकांप्रमाणेच होतील. आज आपण देतो तसे चिन्ह त्याने वापरले नव्हते. प्रत्येक अंकाजवळ तो वर्तुळात त्याचे स्थान लिही. शिवाय दशांश ही कल्पनाही त्याची एकट्याची नव्हे. अरब आणि इराणी गणितज्ञांनी ती आधीच वापरली होती, आणि ज्या अंकांवर हे सारे उभे आहे ते भारतातून गेले होते. स्टेव्हिनचे मोठेपण यात, की त्याने हे विद्वानांसाठी लॅटिनमध्ये न लिहिता जमीन मोजणारे, कापड आणि दारू मोजणारे, टांकसाळवाले आणि व्यापारी यांच्यासाठी त्यांच्या बोलीत, डचमध्ये लिहिले. शास्त्र मातृभाषेतच नीट सांगता येते असे तो हट्टाने म्हणे. गणितासाठी डच भाषेत आज जो शब्द आहे, तोही त्यानेच रूढ केला.

नाणी आणि वजनमापेही दशांश पद्धतीची करावीत, असेही त्याने त्याच पुस्तिकेत सुचवले होते. आपल्याकडे नाण्यांच्या बाबतीत हे घडले १ एप्रिल १९५७ रोजी, ३७२ वर्षांनी. त्याआधी ५ रुपये ७ आणे ३ पैसे यांना सहाने गुणायचे झाले, तर चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया असे दोनदा भागून ३२ रुपये १४ आणे २ पैसे काढावे लागत. वर्गात एकदा मुलांना हे उदाहरण जुन्या पद्धतीने करायला द्यावे आणि मग तसलेच नव्या पैशांत. स्टेव्हिनने काय दिले ते वेगळे सांगावे लागणार नाही.

जे इमारती सांगत नाहीत

परत जाताना आम्ही अँटवर्पच्या भव्य रेल्वे स्थानकात थांबलो. ते १९०५ मध्ये पुरे झाले. शेजारच्या गल्ल्यांत हिऱ्यांचा बाजार आहे आणि तिथे पालनपूरकडच्या गुजराती जैन कुटुंबांची दुकाने आहेत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही मंडळी इथे स्थिरावली. सुरतेत पैलू पाडलेले हिरे त्यांच्या हातून इथल्या बाजारात येत गेले.

हे स्थानक बांधले गेले तेव्हा मध्य आफ्रिकेतला काँगो हा प्रदेश बेल्जियमच्या राजाची, दुसऱ्या लिओपोल्डची, खाजगी मालमत्ता होता. १९०० च्या आसपास मोरेल नावाचा एक इंग्रज कारकून कामानिमित्त अँटवर्पच्या धक्क्यावर येई. जहाजे काँगोतून रबर आणि हस्तिदंत भरभरून आणत होती. परत जाताना त्यांत बहुतेक बंदुका आणि काडतुसे असत, विकायचा माल जवळजवळ नसे. त्याने साधा तर्क केला. एवढ्या रबराची किंमत दिलीच जात नसेल, तर ते सक्तीने काढून घेतले जात असले पाहिजे. पुढे पुराव्यांनी ते खरे ठरले. लोकमताच्या दबावाने १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला आणि तो बेल्जियम सरकारच्या ताब्यात गेला. हिशेबाच्या वहीत काय नाही हे पाहणे हेही इतिहासाचे शिक्षणच आहे.

ब्रुजने १९०७ मध्ये समुद्रकाठी झेब्रुगे हे नवे बंदर आणि तिथपर्यंतचा कालवा खुला केला. २०२२ मध्ये ते अँटवर्पच्या बंदराशी जोडले गेले आणि दोन्ही एकाच नावाने, एकाच कारभाराखाली चालू लागली. व्यापारी पळवल्याचे पाचशे वर्षांचे वैर असे संपले.

परतीच्या वाटेवर आमचे एका गोष्टीवर एकमत झाले. शहर वाटेवर जगते. वाट गाळाने बंद होते, कधी राजाच्या हुकमाने, कधी धर्माच्या भांडणाने. तेव्हा मागे इमारती राहतात आणि हिशेब, नकाशे, खिळे पाडण्याची कला जाणणारी माणसे निघून जातात. अँटवर्पने १५८५ मध्ये जी माणसे घालवली, त्यांनी पुढच्या काळात ॲम्स्टरडॅम आणि लायडन घडवले.

आपल्या गावासंबंधी मुलांना हाच प्रश्न विचारता येईल. हे गाव कोणत्या वाटेवर जगत होते? घाट, खाडी, बाजार, रेल्वे की गिरणी? ती वाट चालू आहे का? बंद झाली असेल तर कशाने, आणि तेव्हा गावातून कोण गेले? सोपारा आणि चौल यांच्या काठी राहणाऱ्या मुलांना तर उत्तर पायाखालीच सापडेल. इतरांनी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापासून सुरुवात करावी.